युरिया हीटरचा कोड: टाकी बदलण्याआधी तार मोजा

मे महिना, नागपूर, पारा ४४ च्या आसपास, आणि ट्रकच्या डॅशबोर्डवर चेक लाइट कशाची, तर युरिया गरम करणाऱ्या हीटरची. ड्रायव्हरला हसू येतं, मालक वैतागतो, आणि गॅरेजात नव्यानं लागलेला पोरगा म्हणतो, "आपल्याकडं हीटर लागतोच कुठं? कोड पुसा आणि सोडून द्या." पुसलेला कोड, म्हणजे गाडीच्या कंट्रोलरनं (कॉम्प्युटरनं) नोंदवलेला बिघाडाचा नंबर, दुसऱ्या दिवशी परत येतो. मग एकदम दुसरं टोक गाठलं जातं: टाकीतलं अख्खं युनिट बदलायचं. बऱ्याच गाड्यांत हीटर, लेव्हल सेन्सर, टेंपरेचर सेन्सर हे सगळं त्या एकाच युनिटात असतं, त्यामुळे ते महाग. ते बदलूनही लाइट तशीच राहिली, तर मालकासमोर काय बोलायचं हा प्रश्न उरतो.

हीटरच्या कोडवर माझं मत सरळ आहे. कोड हीटरबद्दल बोलत नाही, सर्किटबद्दल बोलतो. सर्किटात फ्यूज आहे, रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच) आहे, तारा आहेत, त्या जोडणारे कपलर आहेत, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडं परत जाणारी लाइन) आहे, आणि सगळ्यात शेवटी हीटर आहे. शेवटच्या वस्तूपासून सुरुवात करायचं काही कारण नाही.

हीटर कशासाठी, आणि उन्हाळ्यात कोड का

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक मोठ्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये एससीआर ही धूर साफ करणारी यंत्रणा आली. धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी त्यात डीईएफ फवारलं जातं. ड्रायव्हर त्याला सरसकट 'युरिया' म्हणतात, पंपावर 'ॲडब्लू' असंही ऐकू येतं. हे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असं मिश्रण आहे. ते उणे ११ डिग्रीला गोठतं आणि गोठताना फुगतं. म्हणून टाकीला, पंपाला आणि पाइपांना गरम करायची सोय ठेवावी लागते.

विदर्भातल्या किंवा कोकणातल्या गाडीला या सोयीचा जन्मभर उपयोग होणार नाही, हे खरं. पण गाडी ज्या डिझाइननं बनते तिला लडाखातल्या द्रासमध्येही चालायचं असतं, आणि कंट्रोलरला गाडी कुठं चालते याच्याशी देणंघेणं नाही. चावी दिली की बहुतेक कंट्रोलर हीटरची लाइन चाचपून बघतात: तार जोडलेली आहे का, कुठं बॉडीला टेकलेली तर नाही ना. हवामान बघत नाहीत, तार बघतात. म्हणून तुटलेल्या तारेचा कोड भर उन्हाळ्यातही येतो.

सोडून का द्यायचा नाही? एकतर लाइट कायम पेटलेली राहिली की पुढचा खरा बिघाड ड्रायव्हरला कळत नाही. दुसरं, हीटरचा फ्यूज किंवा अर्थ काही गाड्यांत दुसऱ्या कामाच्या वस्तूंबरोबर सामाईक असतो. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: कोडचं कारण कपलरमध्ये झिरपलेला युरिया असेल, तर तो तिथं थांबत नाही. तांब्याच्या तारेच्या बारीक धाग्यांमधून, वरच्या प्लास्टिकच्या आतून, तो पुढे सरकत जातो. आज हीटरचा कपलर, उद्या पंपाचा, आणि नशीब वाईट असेल तर कंट्रोलरच्या पिना.

आधी गाडीत कोणती सोय आहे ते ओळखा

दोन प्रकार आहेत आणि त्यांची तपासणी वेगळी आहे. पिकअप, एसयूव्ही अशा लहान गाड्यांत टाकीतला हीटर विजेवर चालतो. अनेक जड ट्रकांत टाकी गरम होते ती इंजिनच्या कूलंटनं. कूलंटची नळी टाकीतून फिरवलेली असते आणि तिच्यावर विजेचा वॉल्व असतो. अशा ट्रकमध्ये 'टँक हीटर'चा कोड आला म्हणजे बोलणं त्या वॉल्वच्या कॉइलबद्दल चाललंय. टाकी उघडून आत हीटर शोधत बसलेले लोक असतात, म्हणून हे आधीच सांगितलं.

पाइप मात्र दोन्हीकडं बहुधा विजेवरच गरम होतात. नायलॉनच्या नळीवर हीटरची तार गुंडाळलेली असते आणि वरून नालीदार कव्हर. टाकीकडून पंपाकडं एक, परत येणारी एक, डोझरकडं (युरिया फवारणाऱ्या भागाकडं) जाणारी एक, असे तीन-चार हीटर गाडीत निघतात.

हात लावण्याआधी

इंजिन बंद केलं की पंप लगेच थांबत नाही. बहुतेक गाड्यांत पाइपांतला युरिया ओढून तो टाकीत परत टाकतो. दोन-चार मिनिटं तो आवाज चालू राहतो. नेमका वेळ गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. तो संपेपर्यंत बॅटरीचा मेन स्विच काढायचा नाही, कपलर ओढायचा नाही. घाईनं काढला तर युरिया पाइपातच सुकतो, खडे धरतात, आणि हीटर तपासायला आलेली गाडी डोझर चोक होऊन जाते.

सायलेन्सर गार होऊ द्या. युरिया अंगावर पडला तर पाण्यानं धुवा, फार काही होत नाही. पण ॲल्युमिनियम, तांबं, पितळ यांना तो खातो, त्यामुळे सांडलेला तसाच ठेवू नका.

लागणारं सामान: स्कॅनर, मल्टीमीटर, डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर, चोवीस व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब दोन तारांसह (लहान गाडीला बारा व्होल्टचा), आणि त्या गाडीचा वायरिंग डायग्राम. घरगुती वायरिंगवाल्यांकडचा साधा क्लॅम्प मीटर बऱ्याचदा फक्त एसी मोजतो. तो घेऊन बसलात तर हीटर चालू असतानाही शून्य दिसेल आणि तुम्ही चांगला हीटर बाद कराल.

कोड वाचा, पुसू नका

सगळे कोड कागदावर उतरवा, कोणता आत्ता हजर आहे आणि कोणता जुना आहे यासकट. फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणाची नोंद) असेल तर त्या वेळची बॅटरी व्होल्टेज आणि तापमानं लिहून घ्या. पुसलेली माहिती परत मिळत नाही.

लहान गाड्यांत पी-२०बी९ पासून पुढचे कोड दिसतील. पी-२०बी९ म्हणजे 'ए' हीटरचं कंट्रोल सर्किट किंवा तुटलेली लाइन, पी-२०बीए म्हणजे कामगिरीत गडबड, पी-२०बीबी लो, पी-२०बीसी हाय. पुढचे चार 'बी' हीटरचे, त्यापुढचे चार 'सी'चे. कोणता हीटर ए आणि कोणता सी हे गाडीगणिक बदलतं, तेव्हा डायग्रामशिवाय अंदाज नको.

ट्रकमध्ये एसपीएन आणि एफएमआय अशी जोडी येते. एसपीएन ३३६३ हा टँक हीटर, ४३५४ ते ४३५७ हे पाइपांचे हीटर एक ते चार, आणि ३०३१ हे टाकीतल्या युरियाचं तापमान. एसपीएन सांगतो कुठं, एफएमआय सांगतो काय. एफएमआय ५ म्हणजे करंट कमी किंवा लाइन तुटलेली. ६ म्हणजे करंट जास्त किंवा तार अर्थला टेकलेली. ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे व्होल्टेज कमी.

आता एक गोष्ट बघा, जिच्यात अर्धं निदान होतं. एकाच पाइपाचा कोड आहे, की सगळ्यांचे एकदम आलेत? तीन हीटर एकाच दिवशी जळत नाहीत. तिन्ही एकदम आले तर तिघांत सामाईक काय आहे ते शोधा: फ्यूज, रिले, अर्थ. एकटाच आला तर फ्यूजच्या डब्याकडं जाऊच नका, सरळ त्या पाइपाच्या कपलरपाशी बसा.

स्कॅनर हातात आहे तोवर तापमानंही बघा. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी बाहेरची हवा, कूलंट आणि टाकीतला युरिया ही तिन्ही तापमानं जवळपास सारखी दिसायला हवीत. पुण्यात सकाळी एखादा सेन्सर उणे ४० दाखवत असेल तर त्याची लाइन तुटलेली आहे. असा सेन्सर असला की कंट्रोलर थंडी आहे समजून हीटर चालू करण्याचा प्रयत्न करू शकतो. मग कोड हीटरचा आणि दुखणं सेन्सरचं.

डोळ्यांनी बघण्याची पायरी गाळू नका

पांढरी पावडर, खडे, ओघळ कुठं दिसतात? कपलर उघडून पिना बघा. पिन कळकून हिरवी झाली असेल तर तारेचं टोकही मागून बघा. कपलरचा रबर सील जागेवर आहे का? प्रेशरनं चासी धुणाऱ्यांनी थेट कपलरवर पाणी मारलेलं असतं. उंदीर हा आणखी एक मोठा गिऱ्हाईक, विशेषतः धान्य वाहणाऱ्या आणि आठवडाभर यार्डात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत. बॉडी बांधताना लाइटसाठी कुठून तार काढली आहे तेही बघा. हार्नेस (तारांचा जुडगा) सोलून पिळलेला जोड आणि वर काळी टेप दिसली, तर तपासणी तिथून सुरू करा.

लाइन तुटल्याचा कोड असेल तर

फ्यूज उडालेला नसेल तर हीटरचा कपलर काढा आणि हीटरच्या बाजूनं ओहम मोजा. किती यायला हवे हे मॅन्युअलमध्ये असतं. ते हाताशी नसेल तर हीटरच्या वॅटवरून काढता येतं. समजा २४ व्होल्टला ६० वॅटचा हीटर आहे: करंट अडीच अँपिअर, रेझिस्टन्स ९.६ ओहम. मीटर काहीच दाखवत नसेल, तर आतली तार तुटली आहे. पाइपाच्या हीटरला हे होतं ते बहुधा वळणावर किंवा पाइपाच्या तोंडाशी. तो दुरुस्त होत नाही, पाइपच बदलावा लागतो. टाकीत पीटीसी प्रकारचा हीटर असेल तर त्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर बदलतो, म्हणून गाडी गार असतानाच मोजा.

हीटर बरोबर असेल तर मग येणारी लाइन. इथं नवखे हमखास फसतात. कपलर काढून मल्टीमीटर लावला, इंजिन चालू असताना येतात तसे २८ व्होल्ट आले, "सप्लाय ठीक आहे" असं ठरवलं. मल्टीमीटर करंट जवळजवळ घेतच नाही. वीस धाग्यांपैकी एक धागा शिल्लक असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवेल. नळाला पाणी आहे, पण बादली भरायला लागलात की करंगळीएवढीच धार, तसं हे.

म्हणून लोड टाकून मोजा. हीटरच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडा, स्कॅनरवरून हीटर चालू करा आणि उजेड बघा. बल्ब मंद पेटला तर लाइनमध्ये दोष आहे. हा बल्ब फक्त हीटरच्या सप्लाय आणि अर्थवर लावायचा. सेन्सरच्या किंवा सिग्नलच्या तारेला लावलात तर कंट्रोलरला धोका आहे.

याहून चांगली पद्धत म्हणजे व्होल्टेज ड्रॉप. हीटर जोडलेला आणि चालू ठेवा. मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी हीटरच्या पॉझिटिव्ह पिनेवर मागून. अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं. मग एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी हीटरच्या अर्थ पिनेवर. इथं ०.२ व्होल्टच्या आत. जिथं जास्त येईल त्या बाजूनं एकेक जोड मागं सरकत जा. ज्या जोडाच्या अलीकडं-पलीकडं आकडा उडी मारतो, तिथं बिघाड सापडला.

अर्धवट खराब जोड किती नुकसान करतो याचा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. २८ व्होल्टवर ९.६ ओहमचा हीटर सुमारे ८२ वॅट देतो. कळकलेल्या पिनेनं तेवढाच रेझिस्टन्स मधे घातला तर हीटरला १४ व्होल्ट मिळतात आणि वॅट उरतात साधारण २०, म्हणजे पावपट. लाइन तुटलेली नाही, म्हणून काही गाड्या कोडही देत नाहीत. अशी गाडी महाराष्ट्रात खुशाल फिरते आणि लडाखात गेल्यावर अडते.

करंट जास्त असेल किंवा फ्यूज उडत असेल तर

उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज टाकायचा नाही, तार तर नाहीच नाही. फ्यूज हार्नेस वाचवायला असतो. प्रत्येक वेळी नवा फ्यूज जाळण्यापेक्षा फ्यूजच्या जागी तोच बल्ब लावा. शॉर्ट असेल तोवर बल्ब पूर्ण पेटेल. मग एकेक कपलर काढत जा. ज्याला काढल्यावर बल्ब विझतो किंवा एकदम मंद होतो, शॉर्ट त्याच्या पलीकडं आहे.

एफएमआय ६ असेल तर त्याहून सोपी युक्ती आहे. त्या हीटरचा कपलर काढून चावी द्या आणि कोड बघा. ६ जाऊन ५ आला, तर तार ठीक आहे आणि शॉर्ट हीटरमध्ये आहे. कपलर काढूनही ६ तसाच, तर हीटर निर्दोष आहे आणि तार कुठंतरी बॉडीला घासली आहे. एका मिनिटात हार्नेस आणि हीटर वेगळे होतात. ही एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी बरीच टाकी-युनिटं विनाकारण बदलली जाणार नाहीत. हार्नेस कुठं घासतो हे शोधायला चासीच्या क्रॉसमेंबरच्या कडा, क्लिप निघालेल्या जागा आणि सायलेन्सरजवळून जाणारा भाग आधी बघा.

रिलेबद्दल थोडक्यात. त्याच नंबरचा शेजारचा रिले लावून बघा. चोवीस व्होल्टच्या जागी बारा व्होल्टचा बसतो पण टिकत नाही, तेवढं बघा. आणि उलटी केस विसरू नका: रिलेचे पॉइंट चिकटले तर हीटर बंदच होत नाही. बॅटरी रात्रीत उतरते का हे मालकाला विचारा.

कूलंटवाली टाकी

वॉल्वच्या कॉइलचे ओहम मोजा, लाइन वर सांगितल्याप्रमाणेच तपासा. मात्र आपल्याकडं या वॉल्वचा वेगळाच त्रास होतो. तो उघडा राहून अडकला तर ऐन उन्हाळ्यात इंजिनचं गरम पाणी टाकीतून फिरत राहतं. इंजिन तापल्यावर वॉल्वच्या पुढच्या, टाकीकडं जाणाऱ्या नळीला हात जवळ नेऊन बघा. बाहेर ऊन आहे, हीटर बंद आहे, तरी नळी तापलेली असेल तर वॉल्व अडकला आहे किंवा कुणी नळ्या चुकीच्या जोडल्या आहेत. वॉल्ववर बाणाची खूण असेल तर दिशा पडताळा. टाकीचं झाकण उघडताच अमोनियाचा उग्र वास आला तर युरिया तापून खराब होऊ लागला आहे. माझ्या मते महाराष्ट्रात न चालणाऱ्या हीटरपेक्षा बंद न होणारा हीटर जास्त नुकसान करतो, आणि त्याकडं कुणी बघत नाही.

दुरुस्ती

युरियाचे खडे कोमट पाण्यात विरघळतात. महागडे स्प्रे मारायची गरज नाही. धुवा, हवेनं पूर्ण सुकवा. पिन कळकली असेल तर पॉलिश पेपरनं घासून परत बसवू नका, वरचा मुलामा निघून जातो आणि ती महिन्याभरात पुन्हा बिघडते. नवी पिन टाका. तार मागं कापत जा, आतलं तांबं लालसर चमकदार दिसेपर्यंत. काळं पडलेल्या तांब्यावर केलेला जोड टिकत नाही. जोड क्रिंप करून आतून गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा.

आणि युरिया आला कुठून ते शोधा. पंपाचा किंवा टाकीच्या युनिटचा कपलर गळत असेल, तर नुसती पिन बदलून भागणार नाही.

बाजारात काही जण हीटर काढून त्याजागी रेझिस्टन्स बसवायचा सल्ला देतात. ६० वॅटचा हीटर फसवायचा तर त्या रेझिस्टन्सलाही तेवढीच उष्णता फेकावी लागते, आणि ती फेकते हार्नेसच्या प्लास्टिकवर. एससीआरच बंद पाडणारे डबे तर बेकायदेशीरच आहेत. असलं काम गॅरेजच्या नावानं करू नका.

झालं का ते बघणं

आता कोड पुसा. स्कॅनरवरून एकेक हीटर चालू करून क्लॅम्प मीटरनं करंट मोजा आणि जॉब कार्डवर आकडा लिहा, 'ओके' लिहू नका. पुढच्या वेळी गाडी आली की तुलना करायला तोच आकडा उपयोगी पडतो. पीटीसी हीटरचा करंट सुरुवातीला जास्त येऊन हळूहळू उतरतो, तो दोष नव्हे. सर्किटचे कोड चावी दोन-तीनदा दिल्यावर परत आले नाहीत तर काम झालं. पी-२०बीए सारखे कामगिरीचे कोड मात्र हीटर खरोखर चालल्यावरच तपासले जातात, म्हणजे थंडीत. इथल्या उन्हात ते आले नाहीत यावरून काही सिद्ध होत नाही.

म्हणून लेह, कारगिल किंवा काश्मीरकडं हिवाळ्यात जाणारी गाडी असेल तर निघण्याआधी सगळ्या हीटरांचे करंट मोजूनच सोडा, कोड असो वा नसो. ड्रायव्हरला दोन गोष्टी सांगा. गोठलेल्या टाकीनं सकाळी इंजिन सुरू झाल्यावर युरिया लगेच फवारला जाणार नाही आणि लेव्हलचा काटाही चुकीचा दाखवू शकतो. वितळायला वेळ लागतो, त्यात बिघाड नाही. आणि टाकीत मीठ, कूलंट, डिझेल, गरम पाणी असलं काहीही ओतायचं नाही. गोठताना युरिया साधारण सात टक्के फुगतो, तेव्हा वर चढण्याआधी टाकी काठोकाठ भरू नका.